बाईंची जागा

"ह्या मॅडमले काहीच येत नई वाटस. आपलेच इचारस!"

प्रयोगशाळेच्या खिडकीखाली नळ आहे. तिथे डबे धुता धुता आठवीची एक मुलगी दुसरीला हे सांगत होती. मी आत, गजांच्या अलीकडे, ब्लेडने पुठ्ठ्याचं खोकं कापत उभी होते. त्यांना मी दिसत नव्हते.

दुसरी म्हणाली, "बाईले बठ्ठं येत व्हतं."

"बाईनी गोट येगळी व्हती."

मग दोघींनी डबे उपडे घातले. नळ नुसताच वाहत राहिला. मी हलले नाही. हलले असते तर खोक्याचा आवाज झाला असता, आणि मी ऐकलंय हे त्यांना कळलं असतं.

मॅडम म्हणजे मी. बाई म्हणजे माझ्या आधी त्या शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या, मागच्या उन्हाळ्यात वारलेल्या शिक्षिका. मुलींच्या त्या शाळेत बाया पुष्कळ होत्या, पण नुसतं 'बाई' म्हटलं की त्याच. त्या गेल्या म्हणून जागा रिकामी झाली, आणि जागा रिकामी झाली म्हणून मी जळगावहून धुळ्याला आले. नेमणूक तासिका तत्त्वावर, म्हणजे तासांप्रमाणे पगार, आणि तीही वर्षापुरती. इतकी साधी गोष्ट होती. तरी जूनपासून मला कुणाच्या तरी वाढलेल्या ताटावर जाऊन बसल्यासारखं वाटत होतं.

मी मुळात कमी बोलते. वडील भुसावळला रेल्वेत आहेत. त्यांनी मला जळगावच्या इंग्रजी शाळेत घातलं, रोजच्या गाडीने येणं-जाणं करून शिकवलं. घरी पाहुणे आले की ते म्हणायचे, "इंग्लिश मीडियमला घातली ती बोलायला शिकावी म्हणून. हिने दोन भाषांत गप्प बसायला शिकून घेतलं." सगळे हसायचे, मीही हसायचे. आमच्या शाळेत प्रत्येक प्रश्नाला एक उत्तर असे आणि ते पूर्ण वाक्यात द्यावं लागे. वाक्य मनात जुळेपर्यंत दुसऱ्या कुणीतरी ते देऊन टाकलेलं असे. पुढे आईने मला शिक्षिका झालेलं पाहिलं तेव्हा तिला आनंदापेक्षा काळजीच जास्त वाटली. धुळ्याला आल्यापासून तिचा रोज फोन यायचा आणि पहिला प्रश्न हाच असायचा: "आज बोललीस का काही?"

"शिकवते म्हणजे बोलतेच ना, आई."

"ते नव्हे गं."

प्रयोगशाळा मला मिळाली तशीच होती. कपाटातल्या बाटल्यांवर बाईंच्या हातच्या चिठ्ठ्या होत्या: तुरटी, मोरचूद, चुन्याची निवळी. अक्षर ठसठशीत, थोडं मागे कललेलं. एका बाटलीवर नुसतं 'ही नको' असं लिहिलं होतं. ती मी कधीच उघडली नाही. बाई शिकवताना फळ्यापाशी उभ्या राहत नसत, खिडकीजवळच्या कोपऱ्यात राहत, असं मला कुणी सांगितलं नव्हतं. ते माझं मलाच कळलं. मी फळ्यापाशी उभी राहून प्रश्न विचारला की मुली आधी त्या कोपऱ्याकडे बघत, मग माझ्याकडे. नजर जाऊन परत यायला एक क्षणच लागायचा. पण तो क्षण प्रत्येक प्रश्नाला यायचा. काही दिवसांनी मी पण बघायला लागले. तिथे भिंत होती, आणि कुणीतरी वर्षानुवर्षं टेकून टेकून गुळगुळीत झालेला रंग.

जळगावला बी.एड. करताना आम्हाला एकात्मिक स्टेम शिकवलं होतं. विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी आणि गणित वेगवेगळ्या तासांत न कोंबता मुलांसमोर एकच खरी अडचण ठेवायची, ती सोडवताना जे जे लागेल ते तिथेच शिकवायचं. मुलांनी स्वतः अंदाज करायचा, करून बघायचं, चुकायचं, का चुकलं ते शोधायचं. विचार करायला शिकवता येतं, आणि ते याच वाटेने, असं सगळं. मला ते मनापासून पटलं होतं. एक कारण असं की त्या पद्धतीत शिक्षकाला कमी बोलावं लागतं.

सप्टेंबरात मी धीर करून शाळेत शनिवारी दोन तास जोडून मागितले. मागितले म्हणजे स्टाफरूममधून सरांना, म्हणजे मुख्याध्यापकांना, मोबाइलवर लांबलचक मेसेज पाठवला. ते समोरच्या केबिनमध्ये होते. दार उघडून बाहेर आले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "बेटा, मी इथेच बसलोय. हाक मारली असती तरी चाललं असतं." स्टाफरूम हसली. पण तास मिळाला. सगळे त्याला जोडतास म्हणायला लागले.

पहिल्याच जोडतासाला एका मुलीने विचारलं, "मॅडम, हे कोन्या वहीत लिहू? गणितच्या का विज्ञानच्या?" सेमी इंग्रजीमुळे दोन्ही वह्यांवर विषयांची नावं इंग्रजीत होती, दोन्हींना वेगवेगळ्या रंगाची कव्हरं होती, आणि आमचं जे चाललं होतं त्याला कोणताच रंग नव्हता. "कुठेही लिही," मी म्हणाले. ती बराच वेळ पेन हातात धरून बसली.

पुढे उन्हाळा जवळ आला तसा आम्ही कूलर करायला घेतला. धुळ्यात फेब्रुवारी संपता संपता घराघरांतून कूलर बाहेर निघतात, जुनं गवत फेकून नवं भरलं जातं, म्हणून. पुठ्ठ्याचं खोकं, भंगारातून आणलेले छोटे पंखे, एका बाजूला ओलं गवत, आत थर्मामीटर. किती गवत, किती पाणी, पंखा कुठे, तापमान किती उतरतं, त्याचा आलेख. मुली कापत होत्या, चिकटवत होत्या, पाणी सांडत होत्या. फक्त विचारलं की थांबत. "काय वाटतं, गवत जाड केलं तर काय होईल?" असं विचारलं की तोच तो क्षण, कोपऱ्याकडे नजर, आणि मग कुणीतरी पुस्तकातली इव्हॅपोरेशनची व्याख्या अथपासून इतिपर्यंत म्हणून दाखवायची. सुरात, श्वास न घेता. व्याख्या बिनचूक असायची.

बी.एड.च्या आमच्या बॅचचा एक ग्रुप होता. सगळे नवे शिक्षक, बहुतेक जळगाव जिल्ह्यात विखुरलेले. शनिवारी संध्याकाळी तिथे मेसेजांचा पाऊस पडायचा. यावलच्या मैत्रिणीने केळीच्या बागेत वर्ग नेला होता, झाडाला टेकू कोणत्या कोनात द्यावा हे मुलांकडून काढून घेतलं होतं. ती लिहायची, "मुलं विचार करतात गं, फक्त आपण बोलायचं थांबलं पाहिजे." बोदवडचा एक जण लगेच लिहायचा, "आणि सिलॅबस कोण संपवणार? तुझी केळी?" भुसावळच्या खासगी शाळेतली म्हणायची, "आमच्या मॅनेजमेंटला रोबोट हवाय. विचार नंतर." मी सगळं वाचायचे आणि काहीच लिहायचे नाही. मला लिहायचं होतं की माझ्या वर्गात मी बोलायचं थांबले तर तिथे दुसरंच कुणीतरी बोलतं. पण हे असं कसं लिहिणार?

नळापाशी ते ऐकलं त्याच शनिवारी शाळा सुटल्यावर मी खोकं बाहेर आणून ओलं गवत पिळत होते. मागून आवाज आला.

"मॅडम, एक इचारू?"

आठवीतलीच एक, शेवटच्या बाकावरची, दोन वेण्या आणि त्यांना वेगवेगळ्या रंगांच्या रिबिनी. वर्षभरात तिचा आवाज मी हजेरीपुरताच ऐकला होता.

"विचार ना."

"आमना घर कूलर शे. दार लावं का आखो घाम येस. दार उघडं का बरं वाटस. पन बाहेरनी हवा त गरम शे ना, मॅडम? गरम हवा घरमा ई ऱ्हायनी, मंग गार कसं वाटस?"

दार लावलं की आतली हवा दमट होते, एवढं मला माहीत होतं. पण हे सगळं धडाधडा सांगून टाकावं असं वाटलं नाही. खरं म्हणजे मला त्या क्षणी इतका आनंद झाला होता की वाक्यच जुळेना. शेवटी मी विचारलं, "तुला काय वाटतं? आपल्या खोक्यात हे बघता येईल का?"

तिने कोपऱ्याकडे पाहिलं नाही. आम्ही बाहेर होतो म्हणूनही असेल. ती खोक्याकडे पाहत राहिली, मग म्हणाली, "अजून एक खोकं लागी. मांगे भोक असनारं."

पुढच्या शनिवारी तिने दुसरं खोकं आणलं. साबणाचं होतं, त्याला घरूनच मागच्या बाजूने चौकोनी भोक कापून आणलं होतं. दोन्ही खोकी शेजारी ठेवून बघायचं ठरलं. पण त्याच दिवशी सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"सोमवारी समिती येतेय. संस्थेची. तुझा जोडतास बघणार आहेत." त्यांनी चष्मा काढून पुसला. "स्पष्टच सांगतो बेटा. त्यांना आवडला तर तास राहील, पुढच्या वर्षी नववीलाही देऊ. नाही आवडला तर शनिवारचे ते दोन तास स्कॉलरशिपच्या सरावाला जातील. अर्ध्या पालकांचं तेच म्हणणं आहे. माझ्या हातात नाही मग."

"हो सर."

"अक्का तुला मदत करतील. अशा तासांचा त्यांना अनुभव आहे."

अक्का म्हणजे आमच्या पर्यवेक्षिका. बाईंच्या जवळच्या मैत्रीण. वर्षभर त्यांनी मला डब्यातली भाकरी-मिरची दिली होती, माझं मराठी सुधारलं होतं आणि एकदाही बाईंशी माझी तुलना केली नव्हती. त्या प्रयोगशाळेत आल्या, टेबलावरची दोन खोकी पाहिली आणि भोकाचं खोकं उचलून टेबलाखाली ठेवलं.

"एकच ठेव. दोन ठेवलीस तर पाहुण्यांचा गोंधळ होईल." मग मुलींकडे वळून त्या नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "चला गं, हात."

सगळ्या मुलींनी हात वर केले. एकदम, एका झटक्यात. मी वर्षभर त्यांना शिकवत होते आणि हे मी कधीच पाहिलं नव्हतं. काहींचा उजवा हात वर होता, काहींचा डावा. इकडून तिकडून मिसळलेले हात, पण प्रत्येकीला आपला कोणता ते पक्कं ठाऊक होतं. दोन वेण्यांच्या मुलीचा डावा.

"हे काय आहे, अक्का?"

अक्कांनी मला बाजूला घेतलं. "बाईंची पद्धत. तुला कुणी सांगितलं नाही? पूर्वी एकदा तपासणीला साहेब आले होते. एका पोरीने हात वर केला नाही म्हणून तिलाच उभं केलं, आणि विचारत राहिले, विचारत राहिले. पोरीला तिथेच लघवी झाली. दुसऱ्या दिवसापासून ती शाळेत आली नाही. बाई तिच्या घरी किती खेटे घालून आल्या. नाहीच आली." अक्कांनी मुलींकडे एकदा पाहिलं. "तेव्हापासून बाईंनी ठरवलं. बाहेरचं कुणी आलं की माझ्या वर्गात सगळ्यांचे हात वर. जिला येतं तिचा उजवा, जिला येत नाही तिचा डावा. आपण उजवीलाच विचारायचं. बाहेरच्याला काय कळतंय? कोणाची अब्रू जात नाही."

"पण कुणाला काय येतं हे आधीच कसं..."

"पुढे पुढे ठरूनच गेलं गं. पाचवीतच कळतं. ह्या उजव्या, त्या डाव्या."

मला काय वाटलं ते इथे खरं सांगते. मला आधी बरं वाटलं. ही सोय आमच्या शाळेत असती तर मी ती आनंदाने घेतली असती. डावा हात वर करून सुखाने बसले असते, वाक्य जुळवायची घाई नाही, छातीत धडधड नाही. बाई प्रेमळ होत्या हे मला त्या दिवशी पहिल्यांदा आतून कळलं. आणि मग, वर्षभर मुली त्या कोपऱ्याकडे का बघत होत्या तेही कळलं. त्या परवानगी घेत होत्या. गेलेल्या माणसाकडून.

मग तालीम झाली. अक्कांनी तास असा बसवला: मी गवत ओलं करणार, पंखा लावणार, एक मुलगी थर्मामीटर वाचणार. पारा उतरला की सगळ्यांनी म्हणायचं, "अरे वा!" पहिल्यांदा मुली एकसुरात म्हणाल्या, प्रार्थनेसारखं.

"तसं नाही," अक्का म्हणाल्या. "आश्चर्य वाटलं पाहिजे. पुन्हा."

"अरे वा!"

"मागच्या बाकांचं ऐकू आलं नाही. पुन्हा."

तिसऱ्या-चौथ्या वेळी त्यांना खरंच आश्चर्य वाटल्यासारखं वाटायला लागलं. भुवया वर, तोंड किंचित उघडं. मग पहिल्या बाकावरच्या हुशार मुलीने उजवा हात वर करून विचारायचं होतं, "मॅडम, असं का होतं?" आणि मी म्हणायचं होतं, "छान प्रश्न विचारलास!" ती मुलगी फार छान विचारायची. मान थोडी कलती करून. तिला उत्तर केव्हापासून पाठ होतं.

तालीम संपताना दोन वेण्यांच्या मुलीने टेबलाखाली वाकून आपलं खोकं पाहिलं. अक्कांच्या ते लक्षात आलं. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, मायेनेच, आणि म्हणाल्या, "ते नंतर हं, बेटा. सोमवारी नको."

मुलीने मान हलवली. मी फळा पुसत होते. पुसून झालेला फळा पुसत होते.

त्याच दुपारी मी घरी भुसावळला जायला जळगावची बस धरली. पारोळ्यापर्यंत उभीच होते. बस खड्ड्यातून गेली की मागे ठेवलेले कुणाचे तरी स्टीलचे डबे एकदम वाजायचे, आणि प्रत्येक वेळी मला ते "अरे वा!" ऐकू यायचं. एरंडोलला जागा मिळाली. खिडकीशी बसून मी डोळे मिटले तर सगळे हात वर. शाळेतले, आमच्या इंग्रजी शाळेतले, बी.एड.च्या पाठांतले. तिथेही तर आम्ही वर्गमैत्रिणींना विद्यार्थी करून पाठ घेत होतो, आणि निरीक्षक येण्याआधी एकमेकींना सांगत होतो, 'तू हे विचार, मी ते सांगते'. त्याला आम्ही सहकार्य म्हणत होतो.

रविवारी आईने पोहे करता करता विचारलं, "काय झालंय?"

"सोमवारी तास आहे. बघायला लोक येणार आहेत."

"मग बोलावं लागेल."

"बोलायचं सगळं ठरलंय."

"मग तोंड असं का?"

मी तिला हातांचं सांगितलं. आई गॅस बारीक करून ऐकत होती. सांगून झाल्यावर म्हणाली, "त्या बाई चांगल्याच होत्या म्हणायच्या." मग बशी माझ्यापुढे सरकवत, "त्या शाळा सोडून गेलेल्या पोरीला काय येत नव्हतं गं? काय विचारलं होतं साहेबांनी?"

ते मला माहीत नव्हतं. अक्कांनाही माहीत असेल असं वाटत नाही. सगळ्यांना फक्त ती गप्प होती हे लक्षात राहिलं होतं.

तो तास आता वेळापत्रकात नाही. आठवीला शनिवारी स्कॉलरशिपचा सराव असतो. मी अजून त्याच शाळेत आहे, आणि अक्का डब्यातली भाकरी अजून देतात, पण आधीसारखं माझ्याकडे न बघता देतात. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे सोमवारबद्दल कुणी भलती आशा धरायला नको.

सोमवारी सकाळची शाळा होती, तरी दहाच्या सुमारास पत्रे तापून टकटक वाजायला लागले होते. समितीचे लोक प्रयोगशाळेत आले. त्यांच्यात वयाने मोठे, सगळे ज्यांना आबा म्हणत होते असे एक गृहस्थ होते. पांढरा शर्ट, खिशात दोन पेनं, आणि बसल्या बसल्या मुलींशी बोलणं सुरू. "काय गं, कूलर करताय? मना घर एक पाठाडी द्या, बिल कमी येई!" मुली हसल्या. खरोखर हसल्या. तालमीत नसलेलं तेवढं एकच झालं होतं.

मी गवत ओलं केलं. पंखा लावला. थर्मामीटर वाचला गेला. पारा उतरला.

"अरे वा!"

सरांचा चेहरा खुलला. अक्का दाराशी उभ्या होत्या, त्यांनी डोळ्यांनीच मला 'छान' म्हटलं. पहिल्या बाकावरून उजवा हात वर आला. "मॅडम, असं का होतं?" "छान प्रश्न विचारलास!" मी म्हणाले. माझाच आवाज मला लांबून आल्यासारखा ऐकू आला, खिडकीजवळच्या कोपऱ्यातून आल्यासारखा. व्याख्या झाली. आलेख झाला. समितीतल्या कुणीतरी टाळी वाजवली. सर उठून म्हणाले, "तर आबा, ही आपल्या मुलींची विचारशक्ती." तास संपला होता. वेळापत्रकातही टिकला होता, असंच सगळ्यांना वाटत होतं. मलाही.

आबा उठले नाहीत. "अजून कोनले काही इचारनं शे का?" त्यांनी सहज विचारलं.

आणि सगळे हात वर झाले. सवयीनं, एका झटक्यात, उजवे आणि डावे. आबा खूश झाले. "बघा, बठ्ठी पोरं हुशार शेतस!" त्यांनी बोट पुढे केलं. ते पहिल्या बाकाकडे गेलं नाही. सरळ शेवटच्या बाकाकडे गेलं. "ए, ती मांगली. दोन वेन्यावाली. तू इचार."

दोन वेण्यांची मुलगी उठली. तिचा डावा हात अजून वरच होता, खाली घ्यायचा ती विसरली होती. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. कोपऱ्याकडे पाहिलं. मग आबांकडे, समजावून सांगितल्यासारखं:

"आबा, मना डावा शे."

"मंग?" आबांना काही कळलं नाही. "डाव्या हातवालीले प्रश्न पडत नई का?"

समितीचे लोक हसले. पहिल्या बाकावरची मुलगी हसली नाही, तिने मान खाली घातली. एकही मुलगी हसली नाही. अक्का दारातून झटकन पुढे आल्या. "लाजाळू आहे हो आबा, घरीही बोलत नाही ती. बस बेटा, बस." सर घाईने खुर्ची सरकवायला लागले. मुलगी बसायला लागली. गुडघे वाकले, हात अजून वरच.

मी कोपऱ्याकडे पाहिलं. भिंत होती. बाई तिथे असत्या तर त्यांनी हेच केलं असतं, तिला चटकन खाली बसवलं असतं, तिची अब्रू झाकली असती. आणि ती पुढेही बसूनच राहिली असती. वाक्य जुळलेलं नव्हतं. या वेळी ते दुसरं कुणी देऊन टाकणार नव्हतं.

"बसू नकोस," मी म्हणाले. मग आबांकडे वळले. "ती लाजत नाहीये, आबा. डावा हात म्हणजे बोलायचं नाही, असं या वर्गात ठरलेलं आहे. आता तुम्ही पाहिलंत ते सगळं शनिवारी बसवलं होतं, 'अरे वा'सुद्धा. तिला मात्र एक प्रश्न पडलाय, तो कुणी बसवलेला नाही. तो तिला विचारू द्या."